खरेदीच्या कागदावर कोंबडीची जागा

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार. मी इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक भागातील एका बेकरी कंपनीत खरेदी विभाग सांभाळते. केक, पेस्ट्री आणि कप केक यांसाठी आमच्याकडे रोज सुमारे ४० पेट्या अंडी येतात. आठ वर्षे मी अंड्यांचा भाव, वजन आणि फूट एवढेच पाहत आले. गेल्या महिन्यात हिशेबाच्या कामासाठी पुरवठादाराच्या फार्मवर प्रथमच जाणे झाले. पिंजऱ्यांच्या तीन मजली रांगा पाहून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. एका कोंबडीच्या मानेवरची सगळी पिसे तारेला घासून गेलेली होती आणि ती त्याच तारेतून पुन्हा पुन्हा मान बाहेर काढून दाणे टिपत होती. ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी आमच्या मालकांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण “अंड्यामागे दोन रुपये जास्त कोण देणार?” एवढे विचारले आणि विषय तिथेच संपला. कॉलेजातली माझी एक मैत्रीण प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करते. तिचे म्हणणे असे की, कंपनीबरोबर बसून सुधारणा करणे म्हणजे पिंजऱ्याला रंग देणे आहे. मी एक तर नोकरी सोडावी, नाही तर फार्मचे चित्रण करून लोकांपुढे आणावे. घरी सासूबाई म्हणतात की, आपल्या घरात अंडे येत नाही, मग त्याचा विचार तू कशाला करतेस? कंपनीत राहून खरोखर काही घडवता येते का, आणि येत असेल तर ते मालकांपुढे कसे मांडावे?

खरेदी विभागातील एक वाचक, इंदूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही नोकरी सोडू नये आणि चित्रणही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका पेटीत २१० अंडी धरली, तर ४० पेट्यांची रोज ८,४०० अंडी होतात. आजची संकरित लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली, कोंबडी वर्षाला साधारण ३०० अंडी देते. याचा अर्थ तुमच्या एका सहीमागे दहा हजारांहून जास्त कोंबड्या बारा महिने उभ्या आहेत. त्यांना किती जागा मिळावी, हे ठरवण्याचा थोडाफार अधिकार या शहरात ज्या मोजक्या माणसांच्या हाती आहे, त्यांत तुम्ही आहात. उद्या तुम्ही राजीनामा दिलात, तर परवा त्या खुर्चीवर दुसरे कोणी तरी बसेल आणि त्याने ती मान पाहिलेली नसेल. चित्रणाचे म्हणाल, तर तुम्ही त्या फार्मवर हिशेबासाठी गेला होता आणि त्या माणसाने तुम्हाला विश्वासाने आत नेले होते. जो पुरवठादार उद्या शेड बदलणार आहे, तो बहुधा हाच असेल. त्याला चव्हाट्यावर आणून त्याच्याकडूनच बदल मागता येत नाही.

तुम्ही जे पाहिले ते नेमके काय आहे, हे आधी सांगतो, कारण मालकांपुढे बोलताना “मला फार वाईट वाटले” एवढे पुरणार नाही. आपल्याकडच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर जागा येते, कुठे त्याहूनही कमी. तुमच्या कचेरीत छपाईला वापरतात तो ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटीमीटरचा असतो. त्याच्या पाऊण भागाहूनही कमी जागेवर ती कोंबडी अंड्यावर आल्यापासून बाजारात जाईपर्यंत, म्हणजे वर्षाहून अधिक काळ, काढते. अंडी घरंगळत पुढे यावीत म्हणून पायाखालची तार उतरती ठेवलेली असते, त्यामुळे तिला सपाट जमिनीवर पाय टेकताच येत नाही. पंख पसरणे, दांडीवर चढून बसणे, अंडे घालण्यापूर्वी आडोसा शोधणे आणि मातीत लोळून पिसे साफ करणे ही कोंबडीची रोजची कामे आहेत आणि त्यांतले एकही तिथे होऊ शकत नाही.

पशुवैद्य म्हणून नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माळव्यातल्या एका फार्मवर मरतुक वाढली म्हणून मला बोलावले होते. तपासणीसाठी एक कोंबडी पिंजऱ्यातून बाहेर काढू लागलो, तर ती निघेना. उकरायला काही मिळत नसल्याने तिची नखे झिजली नव्हती; ती वाढून तारेभोवती वळली होती. कात्रीने नखे कापून तिला सोडवले आणि शेडबाहेर मातीच्या ढिगाऱ्याजवळ ठेवले. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने एका पायाने माती उकरली, थांबली, पुन्हा उकरली आणि शेवटी अंग टाकून पंखांनी ती माती पिसांत घेऊ लागली. ती यंत्रात उबवलेल्या अंड्यातून निघालेली आणि जाळीवरच वाढलेली कोंबडी होती. मातीत लोळायला तिला शिकवणारी आईही नव्हती. त्या दिवसानंतर कोंबडीला काय हवे असते, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

तुमच्या मैत्रिणीची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. मुदत उलटून गेली तरी शब्द पाळला नाही, अशा खाद्य कंपन्या जगभर आहेत. पण कंपन्यांबरोबर बसून काही होतच नाही, हे म्हणणे अनुभवाला धरून नाही. न्यूयॉर्कमधल्या हेन्री स्पायरा नावाच्या शिक्षकाने ही वाट १९७०च्या दशकात घालून दिली. सौंदर्यप्रसाधनांसाठी सशांच्या डोळ्यांवर होणाऱ्या चाचण्या थांबवण्यासाठी त्याने रेव्हलॉन कंपनीशी आधी दीर्घ काळ बोलणी केली, पर्यायी चाचण्यांच्या संशोधनाला पैसा द्या अशी नेमकी मागणी पुढे ठेवली आणि दाद मिळेना तेव्हा १९८० साली वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. त्याच वर्षअखेरीस कंपनीने त्या संशोधनासाठी तीन वर्षांत साडेसात लाख डॉलर देण्याचे मान्य केले. पुढे हाच माणूस शेतीतल्या जनावरांच्या प्रश्नाकडे वळला. हातात उत्तर घेऊन दारात उभा राहणारा माणूस कंपनीला टाळणे अवघड जाते, हे त्याच्या कामातून मला शिकण्यासारखे वाटते. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत २०१५ साली पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांचीच अंडी घेण्याचा शब्द दिला, त्यासाठी दहा वर्षांची मुदत घेतली आणि तो तिथे मुदतीआधी पुरा केला. युरोपीय संघाने १९९९ साली निर्देश काढला आणि साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. बारा वर्षे लागली, पण शेडच्या शेड बदलल्या. बाहेरून आवाज उठवणारी माणसे नसती, तर आत बसलेल्यांचे कोणी ऐकले नसते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून मैत्रिणीशी तोडू नका. तिचे काम तिने करावे, तुमचे तुम्ही करावे आणि तुमच्या कंपनीने दिलेला शब्द मोडला, तर तिने तो जगाला सांगावा, याला तुमची मनातून ना नसावी.

सासूबाईंचे बोलणे मी वेगळ्या रीतीने ऐकतो. ज्या घरात अंडे चालत नाही, त्या घरात त्याचे मूळ कारण जिवाला त्रास होऊ नये हेच असते. ती मान कशी दिसत होती ते त्यांना एकदा सविस्तर सांगा. त्यांचा विरोध अंड्याला आहे, कोंबडीला नाही.

आता मालकांचा प्रश्न. “दोन रुपये जास्त कोण देणार?” हा रास्त प्रश्न आहे आणि त्याला भावनेने नव्हे, आकड्यांनी उत्तर दिले पाहिजे. पिंजऱ्याबाहेरच्या कोंबडीला जागा जास्त लागते, माणसे जास्त लागतात आणि ती हिंडत असल्याने दाणेही थोडे जास्त खाते, म्हणून अंडे महाग पडते. पण तुमच्या कारखान्यात एक गोष्ट अशी आहे जी परदेशातल्या बेकऱ्यांपाशी सहसा नसते: इंदूरच्या गिऱ्हाइकामुळे तुम्हाला बिनअंड्याचा केक उत्तम जमतो. अंडे नेमके कुठे आवश्यक आहे आणि कुठे केवळ सवयीने पडते, हे तुमच्या बेकरी मास्तरांबरोबर बसून पदार्थागणिक तपासा. वरून चकाकी यावी म्हणून लावलेले अंडे, मिश्रण बांधण्यासाठी घातलेले अंडे आणि स्पंज फुलवणारे अंडे ही तीन वेगळी कामे आहेत. त्यांतल्या पहिल्या दोन कामांना बहुतेक वेळा दूध, दही, स्टार्च किंवा सोयापीठ चालून जाते. उदाहरणादाखल आजचा भाव अंड्याला ६ रुपये धरा. ८,४०० अंड्यांचे रोजचे ५०,४०० रुपये होतात. पाककृती सुधारून रोजची गरज ४० पेट्यांवरून ३० पेट्यांवर आली, तर ६,३०० अंडी ८ रुपये दराने घेऊनही बिल तेवढेच, ५०,४०० रुपये, राहते. पर्यायी जिन्नसांचा खर्च यात मिळवावा लागेल आणि सगळे पदार्थ पहिल्या महिन्यात बदलणार नाहीत, हे मालकांना आपणहून सांगा. तरीही “दोन रुपये जास्त” या वाक्यातला धाक या हिशेबाने उतरतो. शिवाय कोंबड्यांच्या दृष्टीने पाहिले, तर सुधारलेल्या शेडइतकेच मोल त्या दहा पेट्यांचे आहे, कारण तेवढी अंडी मागितलीच जाणार नाहीत.

याच्या जोडीला आणखी एक मुद्दा ठेवा. दाटीवाटीच्या शेडमध्ये रोग रोखायला प्रतिजैविकांचा आधार घेतला जातो. कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवलेले शेवटच्या फळीतले औषध. त्याचा खाद्यप्राण्यांसाठी वापर आपल्या सरकारने २०१९ साली बंद केला. औषध पशुवैद्याच्या लेखी चिठ्ठीशिवाय दिले जाणार नाही, अशी अट घालणारी कंपनी आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांना, म्हणजे हॉटेलांना आणि शाळांना, काही तरी ठोस सांगू शकते.

यापुढचा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो. कंपनीच्या सुधारणेचा बोजा शेवटी कोणावर पडतो, हे पाहिल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. माझ्या ओळखीच्या एका लहान पोल्ट्रीधारकाला एका मोठ्या हॉटेलाच्या माणसांनी सांगितले की, पिंजरे काढा, आम्ही तुमची सगळी अंडी चढ्या भावाने घेऊ. सगळे तोंडी होते. त्याने कर्ज काढले, पिंजरे भंगारात घातले, तूस पसरले, दांड्या बसवल्या. शेड पाहायला मी गेलो होतो. कोंबड्या संध्याकाळी दांड्यांवर ओळीने बसल्या होत्या आणि त्याचा मुलगा त्यांच्याकडे बघत दारातच जेवत होता. चार महिन्यांनी बाजारभाव पडला तेव्हा हॉटेलाने नेहमीच्या बाजारातून अंडी उचलायला सुरुवात केली. त्याची अंडी त्याला साध्या अंड्यांच्या भावाने विकावी लागली, बॅच संपण्यापूर्वीच त्याने शेड रिकामी केली आणि पुढे त्या शेडमध्ये पुन्हा पिंजरे आले. हॉटेलच्या स्वागतकक्षात मात्र प्राणिकल्याणाची पाटी बरेच दिवस लागलेली होती. त्या आसपासच्या पंधरा-वीस पोल्ट्रीधारकांनी ही गोष्ट पाहिली आहे. आता त्यांच्यापैकी कोणालाही पिंजरे काढायला सांगून पाहा.

इंदूरच्या माणसाला याबाबतीत बाहेरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. पाखरांना पिकावरून हाकलतात हे पाहून देवी अहिल्याबाईंनी उभी शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी राखून ठेवल्याची नोंद त्यांच्याविषयीच्या जुन्या वृत्तांतांत आहे. त्यांनी शेतकऱ्याला “पाखरांना खाऊ दे” असा हुकूम केला नाही. पीक विकत घेतले. दाणा पाखराच्या पोटात गेला आणि पैसा शेतकऱ्याच्या घरात गेला.

म्हणून तुमच्या मालकांकडे जी गोष्ट मागायची, ती घोषणा नसावी, लेखी खरेदी करार असावा. लेअर कोंबडी साधारण अठरा ते वीस आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि बहात्तर ते ऐंशी आठवड्यांपर्यंत शेडमध्ये ठेवली जाते. एका बॅचमध्ये शेडचा खर्च वसूल होणे कठीण, तेव्हा करार किमान दोन बॅचचा करा. किती पेट्या नक्की उचलणार, ते आकड्यात लिहा. भाव राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या रोजच्या दराला बांधू नका, कारण तो दर पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या बाजाराचा आहे आणि ऋतूप्रमाणे वरखाली होतो. आपल्याकडे तर श्रावणाचा फटका दुहेरी बसतो: हिंदी भाषक शेजाऱ्यांचा श्रावण पौर्णिमेनंतर सुरू होतो, मराठी घरांचा अमावास्येनंतर, आणि मिळून दीड महिना अंड्याला उठाव नसतो. त्या दीड महिन्यातही ठरलेल्या पेट्या उचलल्या जातील, हे वाक्य करारात असले पाहिजे. भाव मका आणि सोयापेंड यांच्या दराशी जोडावा, दर तीन महिन्यांनी पाहावा आणि वर पोल्ट्रीधारकाचा ठरावीक नफा धरावा. शेडच्या बदलाचा काही खर्च कंपनीने आगाऊ द्यावा आणि बिलातून हप्त्याने वळता करावा. तुमच्या पुरवठादाराला पैशाइतकीच त्या कागदाचीही गरज आहे, कारण तो बँकेत दाखवता येतो.

सगळ्या ४० पेट्यांना एकदम हात घालू नका. रोजच्या १० पेट्यांपासून सुरुवात केलीत, तर २,१०० अंडी, म्हणजे सुमारे अडीच हजार कोंबड्या. युरोपच्या नियमात एका चौरस मीटर वापरण्याजोग्या जागेत नऊपेक्षा जास्त कोंबड्या ठेवता येत नाहीत. तेच माप घेतले, तर अडीच हजार कोंबड्यांना साधारण तीन हजार चौरस फूट लागतात. त्याच नियमात दर सात कोंबड्यांमागे अंडी घालायला एक खुराडे आणि प्रत्येक कोंबडीला पंधरा सेंटीमीटर दांडी सांगितली आहे. ही मापे तशीच करारात लिहिता येतात आणि फीत घेऊन मोजताही येतात. जे मोजता येत नाही, ते करारात लिहून उपयोग नाही. नवीन बॅच आणण्याऐवजी जुन्याच कोंबड्यांना उपाशी ठेवून त्यांची पिसे झडवायची आणि त्यांना पुन्हा अंड्यावर आणायचे, ही रीत चालणार नाही, असेही स्पष्ट लिहा.

पिंजरा काढला की सगळे सुरळीत झाले, असे मात्र समजू नका आणि मालकांनाही तसे सांगू नका. तुसावरची शेड नीट सांभाळली नाही, तर ती पिंजऱ्याइतकीच वाईट होते. पाण्याच्या भांड्याखालचे तूस ओले राहिले की अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, कोंबड्यांच्या पायांना जखमा होतात आणि रक्ती हगवण पसरते. मोकळ्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात, कधी त्यातून मारामारीपर्यंत जाते. याला उपाय आहेत: तूस रोज उलटे-पालटे करणे, ओला भाग काढून टाकणे, उकरायला काही देणे, दाण्यातली प्रथिने कमी पडू न देणे, प्रकाश मंद ठेवणे. पण त्यासाठी शेडवर लक्ष ठेवणारा माणूस लागतो आणि पिंजऱ्यांवर वीस वर्षे काढलेल्या माणसाला हे आपोआप येत नाही. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की तर कसोटीच असते. तेव्हा छतावर पाणी, बाजूला ओली गोणपाटे आणि पंख पसरायला जागा, यांवर कोंबड्यांचे जगणे अवलंबून असते. पहिल्या सहा महिन्यांत मरतुक थोडी वाढली, तर घाबरून जाऊ नका, पण तिची नोंद रोज झालीच पाहिजे आणि ती वही तुम्ही दर महिन्याला पाहिलीच पाहिजे. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथल्या कुक्कुटपालनाच्या प्राध्यापकांना कंपनीच्या वतीने रीतसर पत्र लिहून शेडच्या आखणीसाठी आणि प्रशिक्षणासाठी बोलवा. कंपनीच्या माणसाने सांगितलेले पोल्ट्रीधारक ऐकून घेतो. पशुवैद्याने सांगितलेले तो करून पाहतो.

कोणी तरी मालकांना कडकनाथ सुचवील, तयारीत राहा. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आदिवासी घरांच्या अंगणात तो छान वाढतो आणि त्याचे मला कौतुक आहे. पण त्याची कोंबडी अंडी फार कमी देते. बेकरीच्या कामाची ती नव्हे.

कायद्याचा उल्लेख मालकांपुढे करावा का, असे तुमच्या मनात आले असेल. करावा, पण शेवटी आणि धमकीच्या सुरात नव्हे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून १९६० सालचा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात, ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी आणि रुंदी प्राण्याला हालचालीची वाजवी संधी देत नाही, त्यात त्याला ठेवणे हा गुन्हा म्हटला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली जल्लिकट्टूविषयीच्या नागराज खटल्यात प्राण्यांची पाच स्वातंत्र्ये (भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्ती व स्वाभाविक वागण्याची मोकळीक) मान्य केली आणि विधी आयोगाने २०१७ साली आपला २६९वा अहवाल कोंबड्यांच्या निवाऱ्यावर आणि वाहतुकीवरच दिला. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे, हे यावरून कोणत्याही व्यावसायिकाला कळते. उद्या सक्तीने आणि घाईने करावे लागेल ते आज सवडीने केले तर स्वस्त पडते, एवढेच मालकांना सांगा.

वेष्टनावर काय छापायचे, याबाबत मात्र तुम्ही कठोर राहा. विक्री विभागाला “आनंदी कोंबड्यांची अंडी” असे छापण्याचा मोह होईल. ते छापू देऊ नका. लेअर जातीची नर पिल्ले अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून त्यांतली बहुतेक उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी मारली जातात. जर्मनीने ही पद्धत २०२२ पासून बंद केली. आपल्याकडे ती चालू आहे आणि तुमच्या करारानंतरही चालूच राहील. अंडी घटली की कोंबडीची रवानगी कुठे होते, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. हे सगळे बदलण्याची ताकद एका बेकरीत नाही. म्हणून “पिंजऱ्याबाहेर वाढवलेल्या कोंबड्यांची अंडी” एवढेच छापा आणि तेही ज्या पदार्थात खरोखर तीच अंडी आहेत त्याच पदार्थावर. तुमच्या मैत्रिणीला पिंजऱ्याला रंग दिल्यासारखे वाटते, ते बहुधा अशाच छापील शब्दांमुळे. ती नर पिल्लांविषयी विचारील तेव्हा तिला हेच उत्तर द्या आणि ते लपवू नका.

शेवटी वेळापत्रक. तुमच्या केकची मोठी मागणी डिसेंबरात असते. एका दिवसाची पिल्ले जुलैच्या मध्यास शेडमध्ये आली, तर डिसेंबरच्या सुरुवातीला त्या तलंगा अंड्यावर येतील. सुरुवातीची अंडी लहान असतात, म्हणून पहिले दोन महिने ती नगावर न घेता वजनावर घ्या, नाही तर मास्तर स्पंज बिघडल्याचे खापर नव्या शेडवर फोडतील. पिल्लांच्या चोचीची टोके पहिल्या आठ-दहा दिवसांतच तापलेल्या पात्याने छाटून टाकतात. मोकळ्या शेडमध्ये ती छाटावीत का, किती आणि कशाने, हे महूच्या डॉक्टरांशी पिल्ले येण्यापूर्वीच ठरले पाहिजे, मागाहून विचारून काही होत नाही. म्हणजे मालकांशी हिशेबाचा कागद घेऊन बसणे, पुरवठादाराशी बोलणे आणि करारावर सह्या होणे, हे सारे जुलै उजाडण्यापूर्वी व्हायला हवे. पुरवठादाराकडे या वेळी जाल तेव्हा मालकांनाही गाडीत बसवून न्या आणि त्यांना त्या पिंजऱ्यांच्या रांगेजवळ थोडा वेळ उभे राहू द्या.